निखाऱ्यावरची भाकर



गेल्या उन्हाळ्यात एका मेंदीच्या समारंभास जाण्याचा योग आला. एलियाहू हन्नाबीचे गीत झाले, बराखा झाल्या, आणि मलिद्याची ताटे फिरू लागली. आमच्या शेजारी वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी बसली होती. नुकतीच लष्करी सेवा पुरी करून आलेली, हुशार, बोलायला गोड. तिने ताटातून एक खजूर उचलला, बराखा म्हटली, दाताने लहानसा तुकडा तोडला आणि उरलेला खजूर कागदी रुमालात गुंडाळून ठेवला. पोह्यांना तिने हात लावला नाही. तिच्या मावशीने आग्रह केला तेव्हा ती हसून म्हणाली, "मावशी, माझं डाएट चालू आहे." केव्हापासून, असे आम्ही सहज विचारले. "शाळेत होते तेव्हापासून." म्हणजे पाच-सहा वर्षे झाली! मावशी कौतुकाने आमच्याकडे पाहून म्हणाली, "बघा, पोरीचा निश्चय किती दांडगा आहे!"

आम्हीही त्या वेळी मान डोलावली. घरी परतताना मात्र आठवत राहिले ते दुसरेच. समारंभ उघड्या अंगणात होता, ऑगस्टचा उकाडा होता, बाकीची मंडळी हातातल्या पत्रिकेने वारा घेत होती, आणि त्या मुलीने खांद्यावरून लोकरी शाल घेतली होती. निरोप घेताना तिचा हात हाती आला तो गार लागला.

हा विषय डॉक्टरांचा, धर्माच्या पानावर तो कशाला, असे काही वाचकांस वाटेल. पण ज्या ताटावर आपण परमेश्वराचे नाव घेतो, ते ताट आपल्या मुली तसेच पुढे सरकवू लागल्या, तर तो विषय केवळ डॉक्टरांचा कसा राहील? आणि हे एका मुलीचे नाही. अशा मुली आपल्या घराघरांतून आहेत. वाचकांनी आपापल्या घरी नजर टाकून पाहावे.

ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो त्या एलियाहूचीच गोष्ट आधी सांगतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू प्रगट झाला आणि तेथून स्वर्गी गेला, तेथल्या खडकावर त्याची खूण आहे, हे कोकणातल्या प्रत्येक घरात लहानपणी ऐकलेले. इकडे इस्राएलात आल्यावर तू बिशवातला हैफाच्या त्याच्या गुहेपाशी जाण्याचा परिपाठही आपल्यापैकी पुष्कळांनी ठेवला. पण एलियाहूने एकदा अन्नावाचून मरण मागितले होते आणि देवाने त्याला काय पाठविले, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्यात नवल नाही. तो भाग पिन्हास पाराशाच्या हफ्तारेत येतो, आणि बहुतेक वर्षी त्या शब्बाथला शोकाच्या तीन आठवड्यांची हफ्तारा वाचली जात असल्याने तो कानी पडतच नाही.

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहावा. राणी इझेबेलने जिवावर उठण्याची शपथ घेतली म्हणून एलियाहू पळाला. बेअरशेव्याला येऊन त्याने आपला चाकर तेथे ठेवला आणि आपण एकटाच दिवसभराची वाट वाळवंटात चालून एका रोतेमच्या झुडपाखाली बसला. बेअरशेव्यात, डिमोन्यात, येरुहामात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे झुडूप दाखवायला नको. हिवाळा सरता सरता पांढऱ्या फुलांनी भरते तेच ते. त्याखाली बसून त्याने मरण मागितले आणि तो झोपी गेला. मग एक मलाख, देवाचा दूत, आला. त्याने काय केले? त्याने एलियाहूला दोष दिला नाही, संदेष्टा असून घाबरलास कसा असे विचारले नाही, की आधी तेफिल्ला म्हण असेही सांगितले नाही. त्याने त्याला हात लावला आणि उठून खाण्यास सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचा कुंजा होता. एलियाहूने थोडे खाल्ले, पाणी प्याला आणि पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा हात लावला, पुन्हा खाण्यास सांगितले. आणि या खेपेस कारणही सांगितले, की पुढची वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. त्या अन्नाच्या बळावर एलियाहू चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब पर्वतास पोहोचला.

होरेबवर देवाची वाणी त्याने ऐकली ती नंतर. आधी भाकर. एवढ्या थोर पुरुषाचे शरीरसुद्धा भाकरीवाचून देवाच्या पर्वतापर्यंत चालू शकत नव्हते, हे शास्त्राने लपविले नाही. आणि वीस वर्षांच्या मुलीची वाट एलियाहूच्या वाटेहून कितीतरी लांब आहे. लष्कर, शिक्षण, नोकरी, परमेश्वराच्या कृपेने लग्न आणि मुलेबाळे, आणि त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे. ती सारी वाट तिने आज जे हाडांत आणि रक्तात साठविले त्याच्यावर चालायची आहे.

कोणी म्हणेल, उपास तर आपल्या धर्मातच आहे. होय, आहे. आपले पूर्वज कोकणच्या खेड्यांत होते, हिब्रू पुस्तके फारशी हाती नव्हती, तेव्हाही त्यांनी दारफाळणीचा सण सोडला नाही, नव्याचा रोजा सोडला नाही, बिरड्याचा रोजा सोडला नाही. पण त्या उपासांकडे नीट पाहा. प्रत्येकाला दिवस ठरलेला, सुरुवात ठरलेली आणि शेवट ठरलेला. आकाशात तारे दिसले की उपास सुटलाच पाहिजे. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी तर आपल्यात शिळा सण. दान करायचे, एकमेकांकडे जायचे, खायचे-खिलवायचे. आणि बिरड्याच्या रोजाची गंमत अशी, की उपासाला नाव पडले तेही अन्नावरून! ज्या लोकांनी शोकाच्या दिवसालाही वालाच्या बिरड्याचे नाव दिले, त्यांना अन्नाचा तिटकारा नव्हता.

शिवाय कोणी उपास करू नये हेही धर्माने सांगितले आहे. योमा या मसेखेतमध्ये आजाऱ्याची आणि गरोदर बाईची चर्चा आहे. आजारी माणूस स्वतः म्हणाला की मला खाणे हवे, तर शंभर वैद्य नको म्हणत असले तरी किप्पूरच्या दिवशीही त्याला खाऊ घालावे, इतपर्यंत ती चर्चा जाते. डाएटला मात्र तारे उगवत नाहीत. एक उतरला की दुसरा आकडा समोर येतो. पंचावन्न किलो झाले की बावन्न, बावन्न झाले की पन्नास. ज्या उपासाला देवाने आरंभ दिला नाही आणि माणूस शेवट देत नाही, तो उपास कोणाच्या नावाने चालला आहे, हे विचारायला आपण कचरतो.

आपल्या रब्बींनी ते विचारले होते. नाझीर म्हणजे द्राक्षारस न पिण्याचे व्रत घेतलेला माणूस. बामिदबारच्या सहाव्या अध्यायात असे आहे की व्रताची मुदत संपली की त्याने पापार्पणही आणावे. व्रत करून पाप कसले? तानिथ या मसेखेतमध्ये रब्बी एलआझार हक्काप्पार उत्तर देतात की त्याने स्वतःच्या जिवाला द्राक्षारसाचे दुःख दिले, हेच ते पाप. आणि केवळ द्राक्षारस सोडणारा पापी ठरतो, तर सारेच सोडणाऱ्याचे काय? शमुएल नावाचे मोठे पंडित, जे वैद्यही होते, त्यांनीही उपासास बसणाऱ्याला पापी म्हटले. त्याच पानावर उलट मतही आहे, ते दडवून ठेवणे बरे नव्हे. दुसरे एक रब्बी अशा माणसास पवित्र म्हणतात. पण गेमारा त्याचा उलगडा असा करते की ज्याच्या अंगात सोसण्याची ताकद आहे त्याच्यापुरते ते. वाढत्या अंगाच्या मुलीत ती ताकद असते का, याचे उत्तर आता शरीरालाच विचारावे लागेल.

शरीराचे काम घरातल्या कर्त्या बाईसारखे आहे. पैसा कमी पडू लागला की ती आधी काय बंद करते? पाहुणे, रंगरंगोटी, सणाचे कपडे. चूल शेवटपर्यंत चालू ठेवते. तसेच रोजचे अन्न महिनोन्‌महिने कमी पडले की शरीर हृदय आणि मेंदू सांभाळते आणि बाकीचा खर्च छाटू लागते. अंगातली ऊब कमी करते, म्हणून हात गार पडतात आणि ऑगस्टमध्ये शाल लागते. नाडी मंद होते. केस गळू लागतात. मासिक पाळी अनियमित होते आणि पुढे बंदही पडते, कारण ज्या घरात स्वतःला पुरत नाही त्या घरात नवा जीव आणायचा नाही, असा शरीराचा हिशेब आहे. हा निरोप मेंदूला कोण पोहोचवते तेही आता कळले आहे. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचे द्रव्य रक्तात येते. त्याचा शोध १९९४ साली लागला. खाणे तुटले की लेप्टिन घटते, आणि मेंदू समजतो की दुष्काळ आला. पुष्कळ मुलींना पाळी गेल्याचे बरेच वाटते, कटकट गेली म्हणतात. पण पाळीबरोबर जी संप्रेरके जातात तीच हाडांत चुना धरून ठेवत असतात. हाडांचा बहुतेक साठा विशीच्या सुमारापर्यंत भरला जातो, तिशीपर्यंत थोडी भर पडते, आणि पुढे आयुष्यभर त्यातून काढायचेच असते. ज्या वयात साठवायचे त्याच वयात मुलगी हात आखडते. मग पाठीवर सामान घेऊन धावताना पायाच्या हाडाला बारीक चीर जाते, आणि घरचे म्हणतात की लष्करात फार राबवतात.

आता रोगांशी लढण्याच्या शक्तीविषयी. इस्राएलच्या तंबूभोवती पहारे होते तसे शरीराचेही पहारे आहेत. पहिला पहारा कातडीचा आणि आतड्याच्या अस्तराचा. हे अस्तर काही दिवसांत जुने जाऊन नवे येते, आणि नवे विणायला प्रथिने लागतात, जस्त लागते, अ जीवनसत्त्व लागते. दुसरा पहारा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. जंतू दिसला की त्या हजारांनी वाढाव्या लागतात, आणि फौज वाढवायची तर शिधा हवा. जंतूंना पकडून ठेवणारी प्रतिद्रव्ये, ज्यांना अँटिबॉडी म्हणतात, ती तर प्रथिनांचीच बनलेली. या पांढऱ्या पेशींपैकी काहींना छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत शिकवण मिळते. दीर्घ कुपोषणात ती ग्रंथी आक्रसते. जस्त कमी पडले तरी आक्रसते. आणि वर सांगितलेले लेप्टिन या पेशींनाही खडबडून जागे ठेवते, हे पुढच्या संशोधनात दिसून आले. म्हणजे पाळी बंद करणारा जो निरोप, तोच निरोप पहारेकऱ्यांनाही जातो.

याविषयीचे जुने आणि दुःखाने लिहिलेले ज्ञान आपल्याच लोकांकडून आले आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत वॉर्साच्या घेट्टोत डॉक्टर इझ्रायल मिलेइकोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली काही यहुदी डॉक्टरांनी उपासमारीचा अभ्यास सुरू केला. औषधे नव्हती, अन्न नव्हते, ते स्वतः भुकेले होते. जुलैत लोकांना गाड्यांत भरून नेण्यास सुरुवात झाली तेव्हा ते काम तुटले. हस्तलिखित लपवून बाहेर काढण्यात आले आणि १९४६ साली छापले गेले. त्या डॉक्टरांना आढळले की भुकेल्यांच्या अंगाची ऊब उतरते, नाडी मंदावते, आणि क्षयाने पोखरलेल्या मुलांच्या कातडीवरही क्षयाच्या चाचणीची खूण पुष्कळदा उठत नाही. आत शत्रू शिरलेला, आणि पहारेकऱ्याला हाक मारण्याचेही त्राण नाही.

त्या हुतात्म्यांची भूक आणि आपल्या मुलींचे डाएट यांची तुलना करण्याचे पाप आम्ही करत नाही. त्यांच्यावर भूक लादली होती, आणि तिचे माप निराळे होते. पण जिवाला भुकेचे कारण कळते, शरीराला कळत नाही. भाकर शत्रूने हिसकावली की आरशाकडे पाहून मुलीने स्वतः बाजूला सारली, हे पांढऱ्या पेशीला कोण सांगणार?

येथे एक फसगत होते, ती आयांनी नीट ध्यानात घ्यावी. खाणे फार तोडलेल्या मुलीला कधी कधी सर्दी-ताप इतरांपेक्षा कमीच आल्यासारखा दिसतो. आई म्हणते, बघा, बारीक आहे पण काटक आहे. ताप हा पहारेकऱ्याचा आरडाओरडा असतो. अतिशय कृश झालेल्या मुलींत जंतू शिरला तरी ताप चढत नाही, आणि म्हणून आजार उशिरा ओळखला जातो, असे डॉक्टरांनी नोंदविले आहे. आरडाओरडा झाला नाही म्हणजे चोर आला नाही, असे नाही.

सगळ्याच मुली इतक्या थराला जात नाहीत, हे खरे. पुष्कळजणी दिसायला ठीक असतात, वजनही बेताचे असते. पण रक्त तपासले तर लोह नाही. अमेरिकेतल्या कोष्टकांप्रमाणे तरुण पुरुषाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह पुरे, बाईला १८ लागते. म्हणजे जिला दुपटीहून अधिक हवे तीच निम्मे जेवते! मांस सोडले, कडधान्याने पोट फुगते म्हणून तेही सोडले, उरले सॅलड आणि काळी कॉफी. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली की अन्नातले लोह आणखी कमी अंगी लागते. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, अभ्यासात तिचे लक्ष लागत नाही, आणि लोह कमी झाल्याने तिच्या पांढऱ्या पेशीही अर्ध्या हाताने लढतात.

आणि तेल! तेलाच्या नावाने तर आजकाल मुली दचकतात. अहो, कोकणात आपल्याला लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, हीच आपली ओळख होती. त्या बंद घाण्यावरूनच आपण कोण हे जगाला कळले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे थोड्या तेला-तुपाच्या संगतीवाचून अंगी नीट लागत नाहीत. गाजर नुसते चावून खाल्ले आणि तेलाचा थेंब नको म्हटले, तर त्या गाजराचे पुष्कळसे पुण्य वाया जाते. नारळाच्या दुधातली आपली कालवणे काही औषध नव्हेत, ती रोज वाटीभर प्यावीत असेही आमचे म्हणणे नाही. पण शनवार तेल्याच्या नातीने तेलाला विष म्हणावे, हे ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही.

बिरड्याचे मात्र आम्ही मनापासून गुण गाऊ. वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, बसून एकेक सोलायचे. हे काम किचकट आहे, इकडे नोकरी करणाऱ्या बायांना ते रोज होणार नाही. पण मोड आल्याने कडधान्यातले लोह अंगी लागणे सोपे होते, वर लिंबू पिळले की आणखी सोपे. प्रथिनेही त्यात आहेत, आणि फोलेटही, जे गर्भ राहण्यापूर्वीपासून बाईच्या अंगी हवे असते. दानिएलाने बाबेलच्या राजाचे ताट नाकारून आपल्या मित्रांसह दहा दिवस कडधान्य आणि पाणी घेतले, ही गोष्ट डाएटवाल्या मुली आम्हाला ऐकवतात. पण तिचा शेवट त्या वाचत नाहीत. दहा दिवसांनी त्यांची तोंडे राजाच्या ताटावर जेवणाऱ्यांपेक्षा टवटवीत आणि अंगे अधिक भरलेली दिसली, ही शास्त्राने त्यांची स्तुती केली आहे. भरलेले अंग हा तेथे देवाच्या कृपेचा पुरावा आहे.

याचा अर्थ वाटेल तसे खावे असा कोणी घेऊ नये. येशुरून लठ्ठ होऊन लाथा मारू लागला, हे मोशे रब्बेनूंच्या शेवटल्या गीतातच आहे. रामबाम स्वतः वैद्य होते. त्यांनी भूक लागल्याशिवाय खाऊ नये आणि पोट काठोकाठ भरण्याआधी हात आवरावा असे सांगितले, आणि त्याच ग्रंथात अन्नाचा त्याग करून स्वतःला जाळणाऱ्यालाही चुकीच्या वाटेवरचा ठरविले. आपल्या लोकांत मधुमेह पुष्कळ आहे. ज्याचे वजन खरोखर जास्त आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू, पोटभर भाजी-डाळ खाऊन ते उतरवणे ही मित्स्वाच आहे. आमचे भांडण आहे ते वर्षानुवर्षे चालणाऱ्या, आज सोडले उद्या धरले अशा उपासमारीशी. २००४ साली अमेरिकेतल्या सिॲटल येथील संशोधकांनी पाळी गेलेल्या बायकांचे रक्त तपासले. ज्यांनी आयुष्यात वारंवार वजन उतरवले आणि पुन्हा चढवले होते, त्यांच्या एका जातीच्या पहारेकरी पेशींची मारक शक्ती कमी आढळली. त्या बायका वयस्क होत्या, आणि एका अभ्यासाने सारे सिद्ध होत नाही. तरी विशीत जे चालले आहे त्याचा हिशेब साठीत निघू शकतो, एवढे त्यावरून मनात येते.

आता जे लिहायचे ते लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण ते आमच्याविषयीच आहे.

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आपण हन्नाची हफ्तारा ऐकतो. हन्ना जेवत का नव्हती? तिला मूल नव्हते, हे दुःख तर होतेच. पण शास्त्र नीट वाचले तर दिसते की तिच्या सवतीने, पनिन्नेने, तिला टोचून टोचून रडवले आणि म्हणून ती जेवेनाशी झाली. वर्षानुवर्षे, दर सणाला हेच. सण आला, सारे कुटुंब जमले, ताटे वाढली, आणि त्याच वेळी टोमणा आला. नवरा एलकाना भला माणूस, त्याने प्रेमाने विचारले की का जेवत नाहीस. पण टोमणा मारणाऱ्या तोंडाला त्याने गप्प केल्याचे कोठे लिहिलेले नाही. पुढे एली कोहेननेही तिला पाहिले ते चुकीचेच. देवापुढे ओठ हलवणारी बाई त्याला प्यालेली वाटली.

आपल्या समारंभांत पनिन्ना कोण असते? मुलगी दारातून आत येते आणि शालोम म्हणण्याआधी मावशी, काकी, आत्या तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. "काय गं, सुटलीस की!" नाहीतर, "अगंबाई, किती छान बारीक झालीस!" दोन्ही वाक्ये सारखीच. पहिल्याने मुलगी जेवणे सोडते, दुसऱ्याने सोडलेले चालू ठेवते. स्थळ पाहताना फोटो मागवतात आणि त्यावर घरात जे बोलणे होते ते मुलीच्या कानी जात नाही असे कोणी समजू नये. सरकारने निदान मॉडेलांसाठी मार्च २०१२ मध्ये कायदा केला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा साडेअठराच्या खाली असलेल्या मॉडेलला जाहिरातीत घ्यायचे नाही, आणि चित्रातली बाई यंत्राने बारीक केलेली असेल तर तसे छापायचे. क्नेसेतने जाहिरातवाल्यांचे तोंड धरले. मेंदीच्या मांडवात कायदा कोण करणार? त्या संध्याकाळी मावशीने निश्चयाचे कौतुक केले आणि आम्ही मान डोलावली, तेव्हा आमचीही जागा एलकानाच्या शेजारी नव्हती.

पण उपदेशाने मुलगी जेवू लागत नाही, आणि रागावण्याने तर नाहीच. ताट भरून समोर आदळणे, "संपवल्याशिवाय उठू नकोस" म्हणणे, यानेही नाही. पुष्कळ काळ खाणे तोडलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर जिवावर बेतते. रक्तातले क्षार उलटेपालटे होतात आणि हृदयाला धोका होतो. हे आपल्या रब्बींच्या काळीही ठाऊक होते. गित्तीन मसेखेतमध्ये रब्बी सादोक यांची गोष्ट आहे. यरुशलेम वाचावे म्हणून ते चाळीस वर्षे उपास करीत राहिले. इतके वाळले की काही गिळले तर बाहेरून दिसे. रब्बी योहानान बेन झक्काई यांनी रोमन सेनापतीकडे ज्या थोड्या गोष्टी मागितल्या, त्यांत रब्बी सादोकसाठी वैद्य हीही एक मागणी होती. नगर जळत असताना एका कृश माणसासाठी वैद्य! आणि त्या वैद्यांनी पहिल्या दिवशी केवळ कोंडा भिजवलेले पाणी दिले, दुसऱ्या दिवशी थोडे जाडेभरडे पीठ घातलेले, मग पिठाचे, असे करत हळूहळू आतडी रुंद होईपर्यंत थांबले.

म्हणून ज्या घरात मुलीची पाळी तीन महिने आली नाही, उभे राहताना तिला घेरी येते, केसांची गुंतवळ न्हाणीघरात साचते, ती एकटीच जेवते किंवा जेवून लगेच न्हाणीघराकडे जाते, त्या घराने कुपात होलीमच्या आपल्या डॉक्टरांकडे तिला घेऊन जावे. रक्तातले हिमोग्लोबिन बरोबर आले तरी लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासण्यास सांगावे. चाचण्या साऱ्या ठीक आल्या तरी पाळी बंद असेल तर विषय संपला असे मानू नये. आणि मुलीला अन्नाची भीतीच बसली असेल तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. मनाच्या आजारांत जीव घेणाऱ्यांपैकी तो एक आहे, आणि त्याला मनाचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर, तिघेही लागतात. स्थळे येणार नाहीत म्हणून हे झाकून ठेवणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना एवढेच विचारतो, की स्थळ आले आणि मुलगी उरली नाही तर?

बाकी घरातल्यांनी करायचे ते मलाखाने करून दाखविले आहे. तो दोनदा आला. पहिल्या खेपेस एलियाहू थोडे खाऊन पुन्हा निजला, तेव्हा त्याने त्याला हलवून जागे केले नाही. काही वेळाने परत आला. हात लावला. भाकर आधीच भाजून उशाशी ठेवली होती, विचारत बसला नाही की करू का. आणि वजनाविषयी, रूपाविषयी एक शब्द नाही. बोलला तो केवळ वाटेविषयी.

तू बिशवातला आपली मंडळी पुन्हा मलिद्याला जमतील. त्या मेंदीतली मुलगीही बहुधा येईल. तिच्या शेजारी बसायचे, आपल्या ताटातले पोहे आपण खायचे, तिच्या अभ्यासाचे विचारायचे, आणि ताट तिच्यासमोरून लगेच पुढे सरकवायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. तिच्या मावशीशीही बोलायचे आहे, पण ते मांडवात नव्हे. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जावे लागेल.